पाचोळ्यातला संसार

फिशटँकच्या दुकानात कोपऱ्यातल्या एखाद्या टाकीत ही जोडी असते. नर बोटभर लांबीचा, पाठीवरच्या पराचा तुरा उभारलेला, शेपटीवर शेंदरी आणि काळे ठिपके. मादी त्याच्या निम्मी आणि मळकट करड्या रंगाची. दुकानदाराने बोट दाखवलं नसतं तर ती दिसलीही नसती. "दादा, पक्की पेअर आहे, बिनधास्त न्या." आपण आणतो. पंधरा-वीस दिवस सगळं आलबेल असतं. मग एका सकाळी बघावं तर मादी पिवळीजर्द झालेली, अंगावर ठसठशीत काळे पट्टे, आणि तो देखणा नर फाटक्या शेपटीने हीटरच्या मागे, पाण्याच्या अगदी वरच्या थरात अंग चोरून उभा. जरा खाली सरकला की ती पाच सेंटिमीटरची मादी त्याच्यावर तुटून पडते.

बहुतेक जण इथे दुकानदाराला फोन लावतात. मादी भांडकुदळ निघाली, बदलून द्या. तोही बिचारा बदलून देतो, आणि नवी मादी महिन्याभरात तेच करते.

मादीने अंडी घातलेली असतात. पण एवढ्याने कोडं अर्धंच सुटतं, कारण अंड्यांचा बाप तोच आहे. कालपर्यंत ज्याच्यापुढे अंग वळवून मिरवत होती, त्यालाच आज मारून हाकलायचं यात हिशेब काय? हिशेब आहे. आणि तो कळला की टाकी केवढी हवी, तळाशी काय ठेवायचं, पिल्लं का वाचत नाहीत, अशा बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

चिलापीच्या घराण्यातले बुटके

हे मासे सिक्लिड कुळातले. नाव परकं वाटलं तरी हे घराणं आपल्या ताटापर्यंत पोचलेलं आहे. उजनीच्या काठी ढाब्यांवर मिळणारी चिलापी याच कुळातली. या गोतातला, मूळचा आफ्रिकेतला मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. गोव्याच्या खाजणांत मिळणारा कालुंदर हाही सिक्लिड, आणि तो मात्र मूळचा इथलाच.

या कुळात सतराशेच्या आसपास जाती आहेत. रंग, आकार, आहार यांत त्यांचं एकमेकांशी काही जुळत नाही. जुळते ती एकच गोष्ट. अंडी घालून हे मासे निघून जात नाहीत. रोहू-कटला लाखांनी अंडी सोडतात आणि वाहत्या पाण्याच्या हवाली करतात. सिक्लिड थोडी अंडी घालतात आणि जिवापाड राखतात. ही राखण किती टोकाला जाऊ शकते याचा एक नमुना आपल्याकडचाच आहे. केरळ आणि श्रीलंकेच्या खाजणांत ऑरेंज क्रोमाइड नावाचा छोटा सिक्लिड असतो, कालुंदराचा अगदी जवळचा भाऊबंद. त्याची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात. वॉर्ड आणि बार्लो या संशोधकांनी १९६७ मध्ये या सवयीचा बारकाईने अभ्यास मांडला होता.

दहा सेंटिमीटरच्या आत राहणाऱ्या सिक्लिडांना शौकीन मंडळी ड्वार्फ सिक्लिड म्हणतात. त्यात व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गवताळ मैदानांतला रॅम येतो, नायजेरियाकडचा क्रिबेन्सिस येतो, आणि दक्षिण अमेरिकेतलं अ‍ॅपिस्टोग्रामा हे मोठं गणगोत येतं. त्यात नव्वदहून अधिक जाती आहेत. सुरुवातीला वर्णन केलेली जोडी त्यांपैकी अ‍ॅपिस्टोग्रामा कॅकाट्युऑइडिस या जातीची, दुकानाच्या भाषेत 'कॅकाटू'. पेरूच्या बाजूच्या ॲमेझॉन खोऱ्यातला हा मासा १९५१ मध्ये शास्त्रीय नाव मिळवून बसला. आज 'डबल रेड', 'ट्रिपल रेड', 'ऑरेंज फ्लॅश' अशा नावांनी जे भडक रंगाचे नर विकले जातात ते शौकिनांनी निवडून वाढवलेले वाण आहेत. रानातला नर बराच साधा असतो.

नवख्या माणसाने रॅमच्या निळाईला भुलू नये, कॅकाटू घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रॅमला सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वरचं उबदार पाणी लागतं, तो नाजूक असतो, आणि मोठ्या फार्मवर अंडी आईबापांपासून वेगळी काढून पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या रॅमना पिल्लं राखणं जमत नाही, अशी जाणत्यांची नेहमीची तक्रार असते.

पानांच्या ढिगातलं गाव

ॲमेझॉन म्हटलं की डोळ्यांसमोर अफाट पात्र येतं. ही मासोळी तिथे राहत नाही. तिचं घर असतं रानातल्या ओढ्यांत, जिथे पाणी गुडघाभर, जवळजवळ स्थिर, आणि तळाशी झाडांच्या गळलेल्या पानांचा थरावर थर साचलेला. मोठे शिकारी मासे इथे शिरू शकत नाहीत. पानांवर बुरशी आणि जीवाणू वाढतात, ते खायला किडामुंगीच्या अळ्या आणि बारीक कवचधारी जीव येतात, आणि ते खायला हे बुटके मासे. प्रत्येक वळलेलं पान म्हणजे एक खोली. एका चौरस मीटरच्या तळात अशा कितीतरी खोल्या निघतात.

आता या जागेत नर आणि मादी यांचं गणित मांडू. मादीपुढे मर्यादा अंड्यांची आहे. एका खेपेला पन्नास-शंभर अंडी, ती वाचली तर कमाई, गेली तर महिन्याची मेहनत पाण्यात. म्हणून ती एक पान किंवा एक बीळ धरते आणि त्याभोवतीची ओंजळभर जागा जिवावर उदार होऊन सांभाळते. नराची मर्यादा वेगळी. त्याला अंडी वाढवायची नसतात, माद्या वाढवायच्या असतात. तो मोठा इलाखा धरतो. त्यात दोन-तीन किंवा जास्त माद्यांच्या छोट्या-छोट्या जागा येतात. तो सीमेवर फिरतो, दुसऱ्या नरांना हाकलतो, आणि एका मादीकडे अंडी झाली की पुढच्या मादीकडे वळतो. म्हणून तो मोठा, रंगीत, तुरेवाला. आणि मादी लहान, पानाच्या खोबणीत मावणारी.

अंडी घातल्यावर मादीच्या दृष्टीने नराचं काम संपलेलं असतं, आणि उरतो तो एक मोठं तोंड असलेला मासा. शेजारणीकडे जाऊन आलेला, भुकेलेला मासा सगळीच अंडी खाऊन टाकू शकतो. ओढ्यात ती त्याला हातभर अंतर हाकलते. तो निमूट जातो, कारण त्याला जायला जागा असते आणि पलीकडे दुसरी मादीही असते. काचेच्या टाकीत हातभर अंतर गेलं की समोर काच येते. मादीच्या मते तो अजून घरातच आहे. म्हणून मार चालूच राहतो. यात मादीचा स्वभाव वाईट नाही आणि नर बावळट नाही; आपण दोघांना ज्या मापाची जागा दिली तिचा हा परिणाम आहे.

तळ मापा, लिटर नंतर

दुकानात टाकी लिटरवर किंवा उंचीवर विकली जाते. या माशांना उंचीचा उपयोग जवळजवळ नाही. त्यांचा सगळा व्यवहार तळापासून वीतभर उंचीत चालतो. त्यामुळे दोन फूट उंचीची शोभिवंत टाकी त्यांच्या लेखी एक फुटी टाकीइतकीच. एका जोडीला निदान दोन फूट बाय एक फूट तळ हवा. एक नर आणि दोन-तीन माद्या ठेवायच्या तर तीन फुटी टाकी घ्या, आणि तीच रचना उत्तम, कारण नराचं लक्ष आणि माद्यांचा राग दोन्ही वाटले जातात.

तळाला बारीक वाळू घाला. हे मासे वाळू तोंडात घेऊन चाळतात आणि कल्ल्यांतून सोडतात. दुकानातले रंगीत खडे त्यांना निरुपयोगी. मग नजर अडवा. लाकडाचा ओंडका, झाडांची दाट झुडपं, पानांचे ढीग अशा रीतीने मांडा की टाकीच्या एका टोकाला बसलेल्या मादीला दुसरं टोक दिसू नये. तिच्या हिशेबात जे दिसत नाही ते हाकलावं लागत नाही. अडथळे नीट मांडले तर दोन फुटी टाकीतही नराला बाजूला होऊन राहता येतं. तरीही तो सतत वरच्या कोपऱ्यात, पर मिटून, खाणं सोडून उभा राहिला तर त्याला काही दिवस वेगळा ठेवा.

एक गोष्ट वरवर उलटी वाटेल: वरच्या थरात फिरणारे सात-आठ छोटे टेट्रा किंवा पेन्सिलफिश सोडले तर सिक्लिड जास्त निर्धास्त होतात. वर मासे मोकळे फिरताहेत म्हणजे धोका नाही, असं समजून ते लपून बसायचं सोडतात, आणि मादीला हाकलायला नवऱ्याखेरीज आणखी कोणी मिळतं. अर्थात टेट्रा काही पिल्लं खाणार, हे धरून चालायचं. तळाला फिरणारे कोरिडोरा मात्र नकोतच. रात्रीच्या अंधारात ते अंडी फस्त करतात आणि मादीला ते कळतही नाही.

पाण्यातलं न दिसणारं

पहिली गोष्ट जगण्याची. माशाच्या कल्ल्यांतून आणि मूत्रातून अमोनिया बाहेर पडतो, आणि अमोनिया माशाला विषारी. फिल्टरच्या स्पंजात वस्ती करणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग बरंच कमी घातक असं नायट्रेट. ही वस्ती नव्या टाकीत नसते. ती जमायला महिना-दीड महिना लागतो. हा वेळ वाचवायचा साधा उपाय म्हणजे चालू टाकीतल्या जुन्या स्पंजाचा तुकडा नव्या फिल्टरमध्ये घालणं. दुधाला विरजण लावतो तसंच हे: चिमूटभर जिवंत वस्ती घातली की ती सगळीकडे पसरते. विरजणाचे नियमही इथे लागू पडतात. उकळत्या दुधात विरजण मरतं, तसा नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याखाली स्पंज खळखळून धुतला की वस्ती मरते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाचं पाणी टाकीत घालण्याआधी त्यात हायपो घालून क्लोरीन मारायचं.

अमोनिया किती विषारी हे पाण्याच्या पीएचवर ठरतं. पंचवीस अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या पुढे जातो. चढ्या पीएचच्या बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीत एक दिवस जास्त खाणं पडलं की मासे धापा टाकतात आणि शेजारच्याच्या टाकीत काही होत नाही, त्याचं एक कारण हे.

दुसरी गोष्ट अंडी उबण्याची. पाण्याचा जडपणा म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. बादलीवर आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो तो यांच्यामुळे. ॲमेझॉनच्या रानओढ्यांतलं पाणी जवळजवळ पावसाचंच असतं, क्षार नावापुरते. तिथल्या माशांची अंडी त्याच पाण्यासाठी घडलेली. फार जड पाण्यात फलन नीट होत नाही, गर्भाची वाढ बिघडते, आणि अंडी पांढरी पडून बुरशी धरतात. कॅकाटू यात बराच सोशिक आहे, कारण त्याच्या मूळ मुलखातलं पाणी रिओ नेग्रो नदीच्या काळ्या, आम्लधर्मी पाण्याइतकं टोकाचं नसतं. म्हणूनच तो नवख्यांचा मासा. पण दख्खनच्या बेसॉल्टमधल्या खोल बोअरचं पाणी त्यालाही झेपेलच असं नाही.

इथे लोक दुकानातून 'पीएच डाऊन'ची बाटली आणतात. पैसे वाया. जड पाण्यात बहुधा बायकार्बोनेटही भरपूर असतं, आणि ते आम्ल गिळून टाकतं. थेंब टाकले की पीएच उतरतो, सकाळपर्यंत पुन्हा मूळ जागी. हा वर-खाली झोका माशाला जड पाण्यापेक्षा जास्त त्रास देतो. क्षार कमी करायचे तर पाणी पातळच करावं लागतं: आरओचं पाणी मिसळा, किंवा जूनपासून आपल्याला फुकट मिळतं ते पावसाचं. पहिल्या काही सरींनी छप्पर धुऊन जाऊ द्या, मग स्वच्छ पिंपात धरा. निव्वळ पावसाचं पाणी मात्र वापरू नका; त्यात पीएच धरून ठेवणारं काहीच नसतं. निम्मं नळाचं, निम्मं पावसाचं असं मिश्रण बहुतेक घरी चालून जातं. आरओवाल्याच्या खिशात असतो तो टीडीएस मीटर क्षार मोजायला पुरेसा आहे. फक्त सोसायटीत सॉफ्टनर बसवला असेल तर सावध राहा. मिठावर चालणारा सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतो. साबणाला फेस येतो, पण एकूण क्षार तेवढेच राहतात.

आणि बदामाची पानं. रस्त्याकडेला, शाळेच्या पटांगणात वाढणारा आपला देशी बदाम. त्याची गळून तपकिरी झालेली पानं जगभरचे मत्स्यशौकीन पाकिटातून विकत घेतात. आपण ती झाडून जाळतो. धुऊन दोन-तीन पानं टाकीत टाकली की आठवड्यात पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. पानांतली टॅनिनं जीवाणू-बुरशीला थोडा आळा घालतात, आणि कुजणाऱ्या पानांवर जे सूक्ष्म जीव वाढतात ते पिल्लांचा पहिला घास होतात. पानांमुळे जड पाणी मृदू होतं हा मात्र गैरसमज. फवारणी होणाऱ्या झाडाची पानं घेऊ नका.

सुगडातली अंडी

मादीला बीळ हवं ते अरुंद तोंडाचं. ती जाऊ शकेल, मोठं तोंड आत शिरणार नाही, असं. नारळाची करवंटी पालथी घालून कडेला दीड-दोन सेंटिमीटरचा दात पाडला की झालं; आधी उकळून, काही दिवस भिजत ठेवून रंग सुटू द्यायचा. मला त्याहून आवडतं ते संक्रांतीचं सुगड. रंग न लावलेलं, भाजलेल्या मातीचं. आडवं करून निम्मं वाळूत रोवलं आणि तोंडाशी चपटा दगड टेकवून फट ठेवली, की मादी दोन दिवसांत तोंडाने वाळू उपसून दाराची उंची स्वतः ठरवते.

अंडी छताला चिकटवलेली असतात. लालसर, लांबट, टाचणीच्या डोक्याएवढी. टॉर्च मारून बघायचा मोह आवरा. आरसा वापरा किंवा मादीच्या रंगावर विश्वास ठेवा. आत ती पोट वर करून छताशी असते आणि छातीच्या परांनी सतत वारा घालते, कारण बंद जागेतल्या साचलेल्या पाण्यात अंड्यांना प्राणवायू कमी पडतो. पांढरं पडलेलं अंडं ती वेचून खाते, नाहीतर त्याची बुरशी शेजारच्या अंड्यांवर जाते. पाणी सव्वीस अंशांच्या आसपास असेल तर साधारण तीन दिवसांत अंडी फुटतात. बाहेर येतात त्या शेपटीवाल्या, पोटाला पिवळ्या बलकाची थैली लटकवलेल्या अळ्या, नुसत्या वळवळणाऱ्या. मादी त्या तोंडात घेऊन वाळूतल्या खड्ड्यात नेते, मग दुसऱ्या खड्ड्यात. आणखी चार-पाच दिवसांनी बलक संपतो आणि एका सकाळी ती पिल्लांचा ढग घेऊन दारात येते.

यानंतरचा आठवडा टाकीसमोर खुर्ची टाकून बसावं असा. मादी तळावरून सावकाश सरकते, पिल्लं तिच्याभोवती वाळू टिपत राहतात. कुणी जवळ आलं की ती पोटाखालचे काळे पर झटकन हलवते आणि अंगाला झटका देते. त्याच क्षणी सगळी पिल्लं तळाला चिकटतात आणि निश्चल होतात. वाळूवर काही होतं हे सांगूनही पटणार नाही. धोका टळला की ती पुन्हा वेगळ्या लयीत पर हलवते आणि ढग उठतो. तिचं पिवळं-काळं रूप इथे उपयोगी पडतं असं मानलं जातं: पाचोळ्याच्या तपकिरी अंधारात आईचं हलणं पिल्लांना ठळक दिसतं. संध्याकाळी भरकटलेलं पिल्लू ती तोंडात उचलून घरात आणून थुंकते. कोन्राड लोरेन्झ यांनी १९४९ च्या आपल्या प्राण्यांवरच्या पुस्तकात ज्युएल सिक्लिडच्या एका बापाची हकिकत लिहिली आहे. तोंडात किडा असताना त्याला पिल्लूही उचलावं लागलं. आता गिळायचं काय आणि थुंकायचं काय? तो क्षणभर थबकला, दोन्ही बाहेर टाकलं, किडा आधी खाल्ला, मग पिल्लू तोंडात घेऊन घरी निघाला.

पहिल्या एक-दोन खेपांची अंडी मादी बहुधा खाऊन टाकते. कोवळी असते, सवय नसते, किंवा काचेवर कुणी टकटक केलेली असते. तिला दुसरी टाकी, नवं औषध असलं काही लागत नाही. चांगलं खाऊ घाला आणि थांबा. तीन-चार आठवड्यांत ती पुन्हा तयार होते.

चौकट: आर्टेमिया उबवताना

अ‍ॅपिस्टोच्या पिल्लांचं तोंड पहिल्याच दिवशी आर्टेमियाची नवजात अळी गिळण्याएवढं असतं; ही मोठी सोय. आर्टेमिया म्हणजे खारट पाण्यातला बारीक कवचधारी जीव. त्याची सुकी अंडी डबाबंद मिळतात, आणि त्यांतली बरीचशी अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतात. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, त्यात पाव ते अर्धा चमचा अंडी, तळापासून जोरात हवा, पाण्याचं तापमान २६ ते २८ अंश आणि वर दिवा. पाण्याची बाटली उलटी करून तळ कापला की भांडं तयार. २४ ते ३६ तासांत अळ्या निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा: टरफलं वर तरंगतील, न उबलेली अंडी तळाला बसतील, आणि नारिंगी अळ्या उजेडाकडे गोळा होतील. नळीने तेवढ्याच ओढा, दाट कापडावर गाळा, गोड्या पाण्याने खळबळा आणि लगेच द्या. पुरेसं खाल्लं की नाही हे पिल्लाच्या पोटाचा रंग सांगतो. भिंगातून ते नारिंगी दिसलं पाहिजे.

दिवसातून दोन-तीनदा थोडं-थोडं खाणं आणि आठवड्यातून दोनदा थोडं पाणी बदलणं, पिल्लं वाढवण्याचं यापलीकडे काही गुपित नाही. फिल्टर स्पंजाचाच ठेवा. मोटरवाला फिल्टर पिल्लं आत ओढतो. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असू द्या.

मुलगा की मुलगी, थर्मामीटरला विचारा

माणसात बाळाचा लिंगनिर्णय गुणसूत्रांवर होतो आणि गर्भधारणेच्या क्षणी ठरतो. या माशांत तो बऱ्याच अंशी पाण्याच्या तापमानावर ठरतो, आणि अंडी घातल्यापासून पहिला महिना-सव्वा महिना खुला असतो. रोमर आणि बायझेनहेर्झ या जर्मन संशोधकांनी १९९६ मध्ये अ‍ॅपिस्टोग्रामाच्या तीसहून अधिक जातींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. तेवीस अंशांच्या आसपास वाढवलेल्या पिल्लांत माद्या जास्त निघाल्या, एकोणतीस अंशांजवळ नर. क्रिबेन्सिसमध्ये पाण्याचा पीएच हे काम करतो: आम्लधर्मी पाण्यात नर जास्त, उदासीन पाण्याकडे गेलं की माद्या जास्त.

हे घडतं कसं? माशांच्या शरीरात ॲरोमॅटेज नावाचं एक विकर असतं. ते नर-संप्रेरकाचं मादी-संप्रेरकात रूपांतर करतं. पिल्लाची जननग्रंथी अजून ना वृषण झालेली असते ना अंडाशय, तेव्हा या विकराचं पारडं जिकडे झुकेल तिकडे ती वळते. अनेक जातींच्या माशांत जास्त उष्णतेने ॲरोमॅटेज दबतं, मादी-संप्रेरक कमी पडतं आणि ग्रंथी वृषण होते.

आपल्याकडच्या टाक्यांना हे नेमकं लागू पडतं. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यातल्या घरात टाकीचं पाणी सहज तिशी ओलांडतं. त्या दिवसांतली वीण वाढवून बघितली आणि चार महिन्यांनी जवळजवळ सगळेच तुरेवाले निघाले, तर दोष मादीचा नाही, ऋतूचा. जोड्या हव्या असतील तर विणीसाठी पावसाळा किंवा हिवाळा निवडा आणि हीटर पंचवीस-सव्वीसवर लावा. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याने घालायची, कारण क्षार उडत नाहीत, मागेच राहतात.

पिल्लं झाली, पुढे?

साठ-सत्तर पिल्लं दोन फुटी टाकीत फार दिवस राहू शकत नाहीत. सहा-आठ आठवड्यांची झाली की वेगळ्या टाकीत काढा. त्याआधी बहुधा आईच त्यांना परकं मानायला लागते, कारण तिची पुढची अंडी तयार असतात. नदीत, तलावात, विहिरीत सोडण्याचा विचारही करू नका. चिलापीही या देशात माणसानेच सोडली होती, आणि आज ती कितीतरी जलाशयांत स्थानिक माशांच्या उरावर बसली आहे.

ओळखीच्या शौकिनांना द्या, दुकानदाराला द्या, पण 'जोडी' म्हणून दोन-दोन पिल्लं देऊ नका. तीन-चार महिन्यांपर्यंत नर-मादी ओळखण्यात जाणतेही फसतात, कारण दबलेला कोवळा नर आपला रंग आणि तुरा लपवून मादीसारखाच दिसतो. टाकीतला दांडगा नर बाजूला काढला की काही दिवसांत त्याचे पर लांबायला लागतात. सहा-सात पिल्लं एकत्र द्या आणि घेणाऱ्याला सांगा, वाढू दे, त्यांचं ते ठरवतील, मग जास्तीचे नर परत आणून दे. आणि त्याच्याकडे दुसऱ्या घराण्यातली एखादी मादी असेल तर बदल्यात ती मागून घ्या. भावाबहिणींची वीण पिढ्यान्‌पिढ्या चालली की आधी अंडी कमी होतात, मग वाकड्या पाठीची पिल्लं निघू लागतात.